बोटं मोकळी ठेवून

भेट म्हणून काही विणायचं ठरलं की मी आधी त्या माणसाचे हात आठवते. पहाटे चौकात बसून वर्तमानपत्रांत पुरवण्या भरणारा मुलगा. निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो तेव्हाही सकाळी द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला कात्री घेऊन उभी असलेली बाई. गारठ्यात फोनवर अक्षरं दाबत बसणारी भाची. हात तर सगळ्यांचेच गार पडतात, पण पुऱ्या हातमोज्यात यांचं काम अडतं. त्यांच्यासाठी क्रोशाचे बिनबोटी हातमोजे.

•

आत्याने पहिली जोडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "लोकर संपली होय गं?"

•

उघडी बोटं गरम कशी राहतील, ही शंका रास्त आहे. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. ते तळहातात आणि मनगट-कोपराच्या मध्ये असतात, तिथून कंडरांनी बोटं ओढली जातात. थंडी वाढली की शरीर पोटा-छातीतली ऊब राखण्यासाठी हातांकडचं रक्त आखडतं घेतं. बोटांपर्यंत जाणारं रक्त मनगटावरून जातं, आणि तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. नाडी तिथेच तर बघतात. म्हणून मोजा मनगटाच्या वर चार बोटं तरी चढला पाहिजे. तोकडा मोजा फोटोत छान दिसतो, तेवढंच.

•

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–१९८२) थंडीला फार जपायचा. वाजवण्याआधी गरम पाण्यात हात बुडवून बसायचा. बिनबोटी हातमोजे घातलेले त्याचे फोटो आहेत. पट्टीवर बोट उघडंच पडायला हवं, हे कुठल्याही पेटीवाल्याला सांगावं लागणार नाही.

•

कृती अगदी सोपी. मोज्याची लांबी जेवढी हवी, साधारण १८ ते २० सेंटिमीटर, तेवढी साखळी घालायची. मग मुके खांब, पण प्रत्येक वेळी सुई टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून घालायची. त्याने कापडाला उभ्या घड्या पडतात आणि ते हाताभोवती ताणलं जातं. तळहाताच्या घेरापेक्षा सेंटिमीटरभर कमी भरलं की थांबायचं, दुमडायचं, कडा शिवायच्या आणि अंगठ्यासाठी चार-पाच सेंटिमीटर फट सोडायची. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची सुई. पन्नासेक ग्रॅममध्ये जोडी होते. डावा-उजवा असा भेद नाही, आणि माप चोरून घ्यावं लागत नाही. अंदाज थोडा चुकला तरी वीण सांभाळून घेते.

•

सगळी कारागिरी अंगठ्याच्या फटीत. फट वर गेली तर मोजा हातावर फिरत राहतो, फार खाली आली तर अंगठ्याच्या बुडाशी काचतो. शिवण्याआधी टाचण्या लावून घालून बघावं आणि मूठ वळून बघावी. हात सरळ ठेवून माप घेणाऱ्याला मूठ कळत नाही.

•

दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते; सुई निसटली की टाके गळतात. क्रोशात जिवंत फांदा एकच. लोकलमध्ये स्टेशन आलं की तो जरा मोठा ओढून ठेवायचा, सुई पर्समध्ये टाकायची आणि उतरायचं. दुपारच्या गाडीत बायकांच्या डब्यात हे काम चालतं ते म्हणूनच.

•

आमच्या आधीच्या पिढीचा क्रोशा सुती दोऱ्याचा होता. तोरणं, ताटावरचे रुमाल, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर घातलेलं जाळीचं पांघरूण. रुखवतात हे सगळं मांडलं जायचं. ते नवरीचे हात किती चालतात हे दाखवण्यासाठी होतं. बिनबोटी मोजा घेणाऱ्याच्या हातांसाठी आहे, मला तो जास्त आवडतो.

•

सुयांच्या विणीची यंत्रं केव्हाच आली. खऱ्या क्रोशाचं, कारखान्यात चालेल असं यंत्र अजून नाही. दुकानात स्वस्तात टांगलेला खऱ्या क्रोशाचा टॉपसुद्धा कुणाच्या तरी हातचाच असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या आहेत, परदेशी जाणारी. मारिया मीस यांनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. या बायका दिवसाचे कितीतरी तास विणायच्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं. घरी बसून फावल्या वेळात विणतात, असा हिशेब, आणि म्हणून मजुरी नगण्य. भेटीत वेळेचा हिशेब मांडायचा नसतो हे खरं. पण "फावल्या वेळात केलंस ना?" असं कुणी विचारलं की मला नरसापूर आठवतं.

•

खरी लोकर ओल शोषूनही बराच वेळ गार लागत नाही, पण गरम पाण्यात चोळली तर आटते. अ‍ॅक्रिलिक रोजच्या धुण्यात चालतं, पण इस्त्री लागली की त्याचा फुगीरपणा कायमचा जातो. दूधवाल्याला अ‍ॅक्रिलिक द्यावं. लोकरीचे लाड करायला त्याला वेळ नाही.

•

अंगठ्याची कड सगळ्यांत आधी झिजते. म्हणून प्रत्येक जोडीतला उरलेला गुंडा मी नावाची चिठ्ठी लावून ठेवते. दुरुस्तीला आलेली जोडी पाहून फार बरं वाटतं. काही जोड्या कधीच परत येत नाहीत, नव्यासारख्या कपाटात असतात. त्या घरी पुढच्या वेळी मी पेढे नेते.