कोणाची गं तू?

समाजमानसशास्त्रात एक साधी चाचणी आहे. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली ती मांडली. वीस रिकाम्या ओळी आणि प्रश्न एकच : मी कोण आहे? शहरातली कॉलेजची मुलं भराभर लिहितात : हट्टी, लाजाळू, क्रिकेटवेडा. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत, बचत गटाच्या बैठकीत मी हाच प्रश्न तोंडी विचारला. उत्तरं आली : अमक्याची माय, थोरल्या घरची सून, तमक्या गावची लेक. विशेषण औषधालाही नाही.

मार्कस आणि कितायामा यांच्या १९९१ च्या गाजलेल्या लेखापासून अशा उत्तरांना परस्परावलंबी ‘स्व’ म्हणायची पद्धत पडली. वर्णन बरोबर आहे. पण ते वाचून, नात्यांत गुरफटलेल्या बाईला स्वतःचं काही नसतंच, असा समज होतो. तो मला खटकतो. हीच सून माहेरी गेली, भावाने लग्नाआधीच्या नावाने हाक मारली, की पाय पसरून बसते, चहात साखर कमी म्हणून भावजयीला सुनावते. नातं बदललं की माणूस बदलतो.

आणि नात्याच्या बळावर माणूस उभाही राहतो. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबली आणि अभंगांत स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवत राहिली. एकनाथांनीही गुरूचं नाव आपल्या नावाला जोडलंच. पण दासीने दासीपणाचीच नाममुद्रा करावी, याला वेगळी छाती लागते. ही दासी विठ्ठलाला जात्यावर बसवते, रागावली तर शिव्याही घालते.

खरी पंचाईत नातं तुटल्यावर होते. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा गेला की मागे उरते ती अर्धा कोयता. गटातली अशीच एक बाई मला म्हणाली, “आता मला कशात मोजायचं?” अशा वेळी ‘स्वतःसाठी जगा’ हा आम्हा समुपदेशकांचा आवडता सल्ला कुचकामी ठरतो. तिला हवं असतं दुसरं नातं, जिथे तिच्यावाचून कुणाचं तरी अडेल.

पुढे गटाने तिला सचिव केलं. वही तिच्याकडे, बँकेत जाणं तिच्याकडे. नंतरच्या एका बैठकीत थकलेल्या हप्त्यावरून तिची जावेशी जुंपली. जाऊ फणकाऱ्याने म्हणाली, “लई मोठ्या सचिवबाई झाल्या!”

“हायेच मी सचिव,” ही म्हणाली, “हप्ता टाक आधी.”