डाव्या हाताचं काम

मूतखडा घरोघरी माहीत असतो, पित्ताशयातला खडाही. स्वादुपिंडातला खडा मात्र फारसा कुणी पाहिलेला नसतो. केरळमध्ये शिकत असताना तो पहिल्यांदा माझ्या तळहातावर आला. पांढरा, खडबडीत, पोवळ्याच्या तुकड्यासारखा. पेशंट विशीतली, दारूच्या थेंबालाही न शिवलेली. जेवलं की कळ उठायची, म्हणून तिनं जेवणच तोडलं होतं. उशी पोटाशी आवळून, पुढे वाकून रात्र काढायची.

स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाचा, जगात दुर्मीळ असलेला हा ‘ट्रॉपिकल’ प्रकार तिथे ओळखीचा होता. केरळच्याच डॉ. गीवर्गीस यांनी त्याचा ध्यास घेतला. त्यांचं १९६८ सालचं पुस्तक आपल्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं काढलेलं, हे कळलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. कारण म्हणून आधी टॅपिओकावर संशय होता, पुढे जनुकांकडे बोट गेलं. दुखणं तेच राहिलं.

या दुखण्यावर मी करतो ती शस्त्रक्रिया चार्ल्स फ्रे यांनी १९८७मध्ये मांडली. निरोगी स्वादुपिंड मऊ असतं, हे आजारी मात्र हाताला कच्च्या पपईसारखं लागतं. सुई टोचून नळी शोधायची. पाण्यासारखा रस सिरिंजमध्ये चढला की त्या वाटेनं नळी लांबवर उघडायची, खडे वेचायचे. शेवटी लहान आतडं त्या चिरेवर शिवून रसाला वाट द्यायची.

खरी परीक्षा स्वादुपिंडाचं हेड, म्हणजे डोक्याकडचा भाग, कोरताना. आतलं घट्ट मांस चकती-चकतीनं काढायचं, मागे पातळ कवच ठेवायचं. जास्त कोरलं तर पित्तनलिका, मागच्या मोठ्या शिरा. कमी कोरलं तर दुखणं आतच. कॉटरी, म्हणजे विजेवर कापणारं हत्यार, उजव्या हातात असते, पण डावा हात हेडच्या मागे सरकवलेला असतो. किती जाडी उरली, ते तोच सांगतो.

सुरुवातीच्या काळात एकदा रक्त आलं आणि मी घाबरून लवकर थांबलो. दीड वर्षानं तो पेशंट परत आला, तसाच वाकून. मी थांबलो होतो त्याच्या जरासा पलीकडे खडा होता. ती चूक माझी, आणि दुसऱ्यांदा टाके त्याच्या पोटावर. ते अजून सलतं. आता थांबण्याआधी कॉटरी खाली ठेवतो आणि ते कवच पुन्हा शांतपणे चाचपतो.

या आजारासोबत मधुमेहही येतो, म्हणून घरची माणसं हमखास विचारतात, ‘‘डॉक्टर, शुगर जाईल ना?’’ नाही जात. इन्सुलिन राहतं, जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूलही. हे आधीच स्पष्ट सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

तो वाकून परत आलेला पेशंट दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दाखवायला आला तेव्हा बोलता बोलता खुर्चीला पाठ टेकून बसला. रिपोर्ट मी नंतर उघडले.