बर्फावरच्या तीन रेघा

आम्ही समुद्रकाठची माणसे. बर्फाचे उतार आम्ही पाहिले ते चित्रांतूनच. तरीही ऑस्ट्रियातील एक हकिकत आमच्या मनात घर करून आहे.

दुसऱ्या महायुद्धाने त्या देशातील कित्येक तरुणांना अपंग केले. किट्झब्यूलच्या सेप त्स्विकनागल यांचे दोन्ही पाय हातबॉम्बने नेले. कृत्रिम पायांना स्की बांधून ते पुन्हा उतारावर उभे राहिले आणि पुढे इतरांचे शिक्षक झाले. एक पाय गमावलेल्यांच्या कुबड्यांना खाली आखूड स्की जोडल्या गेल्या. एक पाय, दोन कुबड्या. बर्फावर तीन रेघा उमटू लागल्या. १९४८ साली बाडगास्टाइन येथे अशा खेळाडूंची स्पर्धा झाली. उतरले अवघे १७ जण. १९७६ मध्ये स्वीडनला पहिली हिवाळी पॅरालिंपिक स्पर्धा भरली. १९८४ व १९८८ चे यजमानपद ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुकला लाभले.

अपंगाला उठून जागा देण्याची आपली रीत चांगलीच आहे. परंतु बसायला खुर्ची देणे निराळे आणि उतरायला मैदान देणे निराळे. मैदान माणसाला हरण्याचाही अधिकार देते. दयेपाशी तो नसतो.