शंभरीपुढचा सायकलस्वार

रोबेर मार्शां 22 मे 2021 रोजीं वारले, तेव्हां त्यांचें वय 109 होतें. एवढें आयुष्य लाभलेल्या माणसाचा शोक कसला, असें कोणी म्हणेल. मला मात्र चुटपुट लागली. या फ्रेंच गृहस्थांनीं 2014 सालीं, 102 वर्षांचे असतांना, पॅरिसजवळच्या बंदिस्त धावपट्टीवर तासाभरांत सायकलीनें 26.927 किलोमीटर अंतर काटलें. 2017 सालीं, 105 व्या वर्षीं, तोच आंकडा 22.547 वर आला. जगानें टाळ्या पिटल्या. माझा जीव जडला तो त्या विक्रमावर नव्हे, म्हातारबोवांच्या कुरकुरीवर: दहा मिनिटें उरल्याची पाटी म्हणे त्यांना दिसलीच नाहीं, दिसती, तर त्यांनीं आणखी जोर केला असता!