धूर नशिबाचा नाही

आमच्या घरी गॅस आला, तरी चूल विझलेली नाही. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की आंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होते. आईचा खोकला, चुरचुरणारे डोळे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. "बाईच्या जातीला धूर चुकत नाही," असे म्हातारी माणसे म्हणत. आम्हाला ते पटले नाही. धूर म्हणजे अर्धवट जळालेले लाकूड. खालून हवा मिळाली, की ते नीट जळते.

म्हणून आम्ही चुलीत विटांच्या तुकड्यांवर लोखंडी जाळी बसवली. फुंकणी कमी लागू लागली. जाळीखालची राख रोज काढतो. ती साचली की हवा अडते. लाकडे मनगटाहून बारीक फोडून पावसाआधीच वाळवून ठेवतो. भेगा लिंपतो, धुराड्याची काजळी काढतो. ही कामे घरातले पुरुषही करतात.

१९८० च्या दशकात सरकारने गावोगाव निर्धूर चुली दिल्या. पुष्कळशा देखभालीअभावी मोडल्या. चूल नुसती मिळून भागत नाही, ती राखावी लागते.

बंधू-भगिनींनो, जाळी बसवा, खिडकी उघडी ठेवा. आईच्या डोळ्यांचे पाणी नशिबावर ढकलू नका.