साडेचार फुटांची सरी

आमच्या सीमाभागात शेतकरी सहसा तोंडावर नाही म्हणत नाही. मराठी बोलणारा म्हणतो, "बघू की सायेब." कन्नड बोलणारा म्हणतो, "नोडोण, साहेब्र." दोन्हींचा अर्थ एकच, की चहा घ्या आणि निघा. १९८७ साली मी एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात लागलो आणि २०२१ साली निवृत्त झालो. या चौतीस वर्षांत मी शेतकऱ्यांकडून जे सर्वांत जास्त वेळा ऐकले ते हेच.

उसाच्या धंद्यातला बदल म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कारखाना येतो. मोठे रोलर, सहवीजनिर्मिती, इथेनॉल. तिथे संचालक मंडळाचा ठराव झाला, कर्ज मंजूर झाले की यंत्र येऊन उभे राहते. शेतात तसे होत नाही. हजारो सभासद, कुणाचा एक एकर, कुणाचे दोन, आणि आपल्या बांधाच्या आत जो तो राजा. त्यातून आमचा हा भाग. इकडे कारखान्याने डोळे वटारले तर शेतकऱ्याचा ऊस रात्रीतून पलीकडच्या राज्यातल्या काट्यावर जातो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यावर बंदी घातली होती. ओरड झाली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. तेव्हा हुकूम सोडून बदल घडवण्याची सोय आम्हाला कधीच नव्हती.

सगळेच बदल अवघड असतात असेही नाही. उसाची जात बदलायला मला कधी सभा घ्यावी लागली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा शिवारात अजून 'को ७४०' होता, मग साखरेला गोड म्हणून 'कोसी ६७१' आला, आणि पुढे त्याच 'सहाशे एकाहत्तर'च्या पोटचा, कोइमतूरचा 'को ८६०३२'. या 'शहाऐंशी'ने तर सगळी शिवारे काबीज केली. त्याचे बेणे लोकांनी मागून नेले, विकत नेले, आणि खोटे कशाला बोलू, आमच्या बेणेमळ्यातून रात्री चोरूनही नेले. चोरी झाली की आमचे साहेब रागावत आणि मी मनात खूश होई.

अडले ते सरीपाशी, आणि पाला पेटवण्यापाशी.

बैलांच्या अवजाराने पडते ती तीन फुटांची सरी, हे आमच्याकडे बापजाद्यांपासून ठरलेले. त्याहून रुंद सरी पाडली तर मधली जमीन रिकामी दिसते, आणि रिकामी जमीन पाहून शेतकऱ्याच्या पोटात कालवते. वास्तविक दाटीत फुटवे फुटतात खूप आणि उजेड न मिळाल्याने त्यातले निम्मे मरतात. पण मेलेला फुटवा कुणी मोजत नाही. पाल्याचेही तसेच. ऊस तुटला की एका काडीत सगळे रान मोकळे. पाणी सरळ जाते, खोडव्याचे कोंब सुटे होतात, उंदीर-सापाची भीती नाही. एकरी तीन-चार टन पाला असा दर वर्षी धूर होऊन जातो आणि मग तोच माणूस जमीन चोपण झाली म्हणून शेणखताच्या मागे फिरतो.

२००२ साली लोकरी मावा आला. पानांच्या खाली पिंजलेला कापूस चिकटवावा तशी ती कीड. फवारायला माणूस आत शिरावा तर तीन फुटांच्या सरीत मोठ्या उसात शिरताच येईना. त्या संकटाने कारखान्याला जाग आली आणि पुढच्या वर्षी परिपत्रक निघाले: प्रत्येक गटात साडेचार फुटांच्या लागणी झाल्या पाहिजेत, पाला पेटवणे बंद झाले पाहिजे, आणि दर महिन्याला आकडा कळवला पाहिजे.

आकडा मी कळवला. सभा घेतल्या, फलक लावले, सर्वांनी "बघू की" म्हटले, आणि ज्यांनी जरा मोठ्याने म्हटले त्यांची नावे मी वहीत लिहून टाकली. माझ्या गटाचा आकडा चांगला दिसला. वार्षिक बैठकीत माझे कौतुक झाले, टाळ्या पडल्या. हे लिहिताना आजही मान वर होत नाही. पण वहीतले एकरच्या एकर त्या वर्षी तीन फुटांवरच उभे होते.

त्या यादीत एक लिंगायत शेतकरी होते, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आपले नाव यादीत आहे हे त्यांना कुठून तरी कळले. भेटल्यावर ते रागावले नाहीत. तंबाखू मळत कन्नड वळणाच्या मराठीत एवढेच म्हणाले, "साहेब्र, तुमच्या घरचा ऊस किती फुटावर हाय?"

आमच्या घरी तीन एकर होते. तीन फुटांवर. आणि पाला दर वर्षी वडील स्वतः पेटवत.

त्या रात्री घरी विषय काढला. वडील म्हणाले, "तुझा पगार महिन्याला येतो, माझा वर्षानं. चुकलं तर वरीस जातं." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आई मध्ये पडली, एक एकर द्या म्हणाली. २००४ च्या सुरू हंगामात आम्ही एक एकर साडेचार फुटांवर लावला. दोन महिने ते रान टक्कल पडल्यासारखे दिसे. येणारा-जाणारा थांबून विचारी, "बेणं कमी पडलं काय?" मधल्या जागेत आईने कोथिंबीर टाकली, ती बरी गेली. पण लावणीचा उतारा बेचाळीस टन पडला. शेजारच्या आमच्याच तीन फुटांच्या रानात पंचेचाळीस होता. काट्याच्या पावत्या वडिलांनी माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि काही न बोलता बाहेर गेले. परिपत्रकात या तीन टनांचा उल्लेख नव्हता.

पण खोडव्याला मी हट्ट केला. पाला पेटवू दिला नाही. एकाआड एक सरीत तो दाबला, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकले, बुडखे जमिनीलगत छाटून घेतले. पहिले पाणी पाल्यामुळे अडले तेव्हा वडील रात्रभर खोरे घेऊन शिवारात होते आणि मला नावे ठेवत होते. उन्हाळ्यात मात्र फरक दिसला. शेजारची राने पाण्यासाठी माना टाकत होती, तेव्हा आमच्या पाल्याखाली हात घातला तर ओल लागे. आमचा खोडवा एरवी तीस टनांवर कधी गेला नव्हता. त्या वर्षी अडतीस गेला.

तोडणीच्या आधी एकदा सकाळी शिवारात गेलो तर बांधावर अण्णांची सायकल. मला न सांगता ते बारा किलोमीटर आले होते आणि आत बसून, पाला बाजूला सारून, काठीने सरी मोजत होते. मला पाहून उठले. "लावणीत घट आली होती म्हणं," म्हणाले. मी होय म्हटले, आकडा सांगितला. ते काठी झटकत म्हणाले, "खरं सांगितलात. आता नोडोण." पुढच्या वर्षी त्यांनी दोन एकर लावले, आणि त्यांचे पाहून त्यांच्या भावकीने. दहा-बारा वर्षांत माझ्या गटातले बहुतेक रान रुंद सरीवर गेले. वहीतला आकडा खरा व्हायला एवढी वर्षे लागली.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही ती पुन्हा पुन्हा सांगायला आवडली असती. पण रुंद सरीतून माणूस जसा शिरतो तसे यंत्रही शिरते. २०१९ च्या हंगामात आमच्या गटात तोडणीचे पहिले यंत्र आले आणि ते कुठे घालायचे याची यादी करताना मला कष्ट पडले नाहीत. साडेचार फुटांची सगळी राने मलाच पाठ होती. तोडणीसाठी कुणाच्या पाया पडायला नको, खुशाली नको. शेतकरी खूश होते. मीही होतो.

आमच्या तिन्ही एकरांत अकरा हंगाम बीडकडचा एकच कोयता येत होता. कोयता म्हणजे एक हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या जोडीवर. ती बाई आमच्या म्हशीसाठी वाढ्यांच्या पेंढ्या बाजूला काढून ठेवी, आई तिला भाकरी-कालवण देई. तिचा मुलगा आमच्या ओसरीवर पाढे म्हणे, डिसेंबर ते मार्च; मग पुन्हा आपल्या गावच्या शाळेत, मागच्या बाकावर.

२०२२ साली आमच्या गटातल्या टोळ्या निम्म्यावर आल्या. त्यांची टोळी आली नाही. चौतीस वर्षांत मी शेकडो सभा घेतल्या असतील, पण कोयत्यांची सभा कधी घेतली नाही. सरी रुंद करताना त्यांना काही विचारायचे असते हे सुचलेही नाही. आईच्या आग्रहावरून मुकादमाकडून नंबर घेऊन फोन लावला.

"यंदा उचल मिळाली न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "गावातच हाये. रोजगार हमीवर जातो, लागलं तर. पोरगं मात्र दहावीला बसलंय. पहिल्यांदा सगळं वरीस एका शाळेत."

"म्हणजे बरं झालं म्हणायचं," मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प राहिली. "आता काय सांगू? पोराचं बरं झालं. बाकी दुकानदाराला इचारा." मग तिनेच विचारले, "मावशीची म्हैस हाये का अजून? वाढं कोण देतं?"

यंत्र वाढ्यांचे तुकडे करून रानभर उडवते. त्यातले म्हशीपुढे घालण्यासारखे काही उरत नाही. दोन वर्षे आम्ही पेंढ्या विकत घेतल्या आणि मग म्हैस विकली. फोनवर मी तिला हे सांगितले नाही. आहे, म्हटले.