भोंगा गेला, ब्रीफ आलं!

अ‍ॅड एजन्सी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बीनबॅग्ज, काचेच्या केबिन्स, फाटक्या जीन्समधले क्रिएटिव्ह डायरेक्टर आणि रात्री दोनला मागवलेला पिझ्झा? अगदी बरोबर! आणि हे सगळं एका चकरेत बघायचं असेल तर लोअर परळ गाठा.

मास कॉमच्या शेवटच्या वर्षी, २०१८च्या मे-जूनमध्ये, मी इथल्या एका एजन्सीत कॉपी इंटर्न होते. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं आणि पूल ओलांडून चालत सुटायचं. एका बाजूला चाळी, दुसऱ्या बाजूला टॉवर आणि मधूनच डोकं वर काढणारी गिरणीची चिमणी. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरणगाव पुन्हा सावरलंच नाही. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिल्समध्ये ऑफिसं आणि पब आले. तिथल्या डिसेंबर २०१७च्या आगीत १४ जीव गेले. आम्ही रुजू झालो तेव्हाही लंच टाइमला तोच विषय निघायचा.

गंमत बघा, संपाच्या त्याच वर्षी जयपूरचे पियूष पांडे ओगिल्व्हीत रुजू झाले. इंग्रजीत विचार करणाऱ्या आपल्या जाहिरातींना त्यांनी चक्क रस्त्यावरची हिंदी बोलायला लावलं. २०२५मध्ये ते गेले, पण आम्हा इंटर्न्सचा देव तोच!

आणि मराठी? ती माझ्या डेस्कवर दुपारी चारनंतर यायची. ‘जरा मराठी करून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे!’ एकदा प्रेशर कुकरची लाइन आली. मी शब्दाला शब्द लावून दिलं : ‘जलद स्वयंपाक, कुटुंबासाठी अधिक वेळ’. आता सांगा, कुणाची आई असं बोलते?

आम्ही जेवायला जायचो ती खानावळ एक मावशी चालवायच्या. एकट्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या अशा बायकांच्या जिवावर अख्खं गिरणगाव जेवलं. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये त्यांच्यासाठीच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मावशींना विचारलं, कुकर कसा हवा? त्या हसल्या. ‘अगं पोरी, शिट्ट्या मोजत बसायला मी काय मोकळी आहे?’

झाली की लाइन! ‘शिट्ट्या कोण मोजत बसणार?’ आमची सीनियर जाम खूश झाली. क्लायंटला मात्र सगळ्या भाषांत एकच लाइन हवी होती. छापून आला तो जलद स्वयंपाकच.

पण खरी चुटपुट वेगळीच आहे. आमच्यात सगळ्यात भन्नाट मराठी नांदेडच्या एका मुलाची होती. जे. जे. अप्लाइडचा, हातात कला आणि तोंडात एकेक अस्सल शब्द. स्टायपेंड शून्य, फक्त सर्टिफिकेट! मी आईच्या हातचं खाऊन, घरच्यांच्या पैशांनी पास काढून दोन महिने काढू शकले. तो नालासोपाऱ्यात चौघांत खोली करून राहायचा. चौथ्या आठवड्यात त्याने एका प्रिंटिंग प्रेसमध्ये नोकरी धरली. जाताना एवढंच म्हणाला, ‘घरी पैसे पाठवायचेत, सर्टिफिकेट कुठून पाठवू?’

मराठी जाहिरात भाषांतरासारखी का वाटते, याची चर्चा आपण दर मराठी भाषा दिनाला करतो. माझं उत्तर साधं आहे. जी मुलं मराठीत विचार करतात, त्यातल्या अनेकांना फुकटात शिकणं परवडत नाही. मग उरतात घरून पैसे येणारे. आणि चारनंतरचं भाषांतर.

तेव्हा दोस्तांनो, इंटर्नशिपला जाताना पोर्टफोलिओबरोबर एक प्रश्नही न्या : ‘स्टायपेंड किती?’ बिनधास्त विचारा, लाजायचं काय त्यात! आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर निदान पास आणि जेवणाचे पैसे तरी द्या. काय सांगावं, तुमची पुढची मराठी लाइन नांदेडहून यायची असेल!